राजाच्या तोंडची तान

आमच्या स्टुडिओच्या भिंतीवर एक तक्ता होता. त्यावर दहा-बारा तोंडं काढलेली होती. चेहरा नाही, नुसते ओठ, दात आणि जीभ. प्रत्येक तोंडाखाली एकेक इंग्रजी अक्षर. कार्टूनमधलं पात्र बोलू लागलं की त्याच्या कुठल्या आवाजाला कुठलं तोंड काढायचं, ते या तक्त्यावरून ठरायचं. तक्ता परदेशातून आला होता, कारण कामही तिकडूनच यायचं. तिकडचे लोक मुख्य चित्रं काढून पाठवत आणि आम्ही तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात बसून दोन चित्रांच्या मधली चित्रं काढायचो, त्यांत रंग भरायचो आणि खोकी परत पाठवायचो. शेजारच्या गाळ्यात फरसाण तळलं जायचं. तो वास आमच्या कागदांना इतका मुरलेला असायचा, की ससा बघताना आपल्याला शेव का खावीशी वाटते हे तिकडच्या साहेबाला कधी कळलं नसेल.

माझ्याकडे तोंडांचं काम होतं. टेपवरचा आवाज तुकड्या-तुकड्यानं ऐकायचा, एका सेकंदाचे पंचवीस भाग करायचे आणि कुठल्या भागात 'आ' आहे, कुठे 'ऊ' आहे, कुठे ओठ मिटलेत हे लांबलचक शीटवर भरायचं. मग त्याप्रमाणे चित्रातलं तोंड हलवायचं. दोन वर्षं हे केल्यावर मला माणसं ऐकू कमी येऊ लागली आणि दिसू जास्त लागली. आई स्वयंपाकघरातून काही सांगायची तर मी उठून दारात जायचे, तिचं तोंड बघायला. ती वैतागायची.

नव्वदच्या दशकाच्या मधोमध कधीतरी आमच्या मालकांच्या अंगात आलं. परदेशात रंगभूमीवरच्या जुन्या गाण्यांच्या नाटकांची कार्टून निघायला लागली होती, सगळ्या घरानं एकत्र बसून बघावीत अशी. मालकांनी तशी एक कॅसेट कुणाकडून तरी मिळवली आणि आम्हा सगळ्यांना जमिनीवर बसवून दाखवली. संपल्यावर ते टीव्हीच्या पुढे उभे राहिले.

"आपल्याकडे काय कमी आहे? संगीत नाटकं आहेत ना! एक उचलायचं, सव्वा तासात बसवायचं, कार्टून करायचं. आजोबा बघणार, नातू बघणार. फुल फॅमिली. दिवाळीला कॅसेट बाजारात. टेन्शनच नाय."

टेन्शन आमच्या वाट्याला येणार होतं, त्यामुळे त्यांना ते नसणं साहजिक होतं. त्यांनी जे नाटक उचललं त्याचं नाव मी सांगत नाही. आम्ही त्याचे जे हाल केले ते त्याच्या चाहत्यांना न कळलेलेच बरे. पौराणिक होतं. राजा, राणी, एका ऋषीचा शाप, वनवास आणि शेवटी सगळं गोड. मूळ नाटकात पदं चाळीसच्या वर होती, आम्ही पाच ठेवली. विदूषक मुलांना कळणार नाही म्हणून त्याचा पोपट केला. ऋषीची दाढी रंगवायला वेळ लागतो म्हणून तो तरुण झाला.

हे सगळं घरी सांगायची मला भीती वाटत होती, कारण त्याच नाटकात माझे बाबा राजा झाले होते.

खरं तर बदली राजा. तरुणपणी बाबा अकरा वर्षं एका नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडले. रोज ते सेनापती असायचे किंवा ऋषी, पण मुख्य नटाचा घसा बसला किंवा त्याला ताप भरला की मुकुट बाबांच्या डोक्यावर यायचा. कंपनी बंद पडली तेव्हा ते सरकारी कचेरीत कारकून झाले, लग्न झालं, मी झाले आणि पुढे गिरगावातल्या एका खोलीतून आम्ही नेरूळच्या फ्लॅटमध्ये आलो. कंपनीच्या रेकॉर्डी निघाल्या होत्या, पण त्या मुख्य नटाच्या. बदली राजाची रेकॉर्ड कोण काढतो? घरात टेपरेकॉर्डर आल्यावर मी एकदोनदा मागे लागले होते. "भांड्यांच्या आवाजात पद म्हणायचं नसतं," एवढंच म्हणून ते पेपर वाचायला लागले. मीही तो विषय सोडून दिला. मला गाण्याचं काही नव्हतंच. लहानपणी त्यांनी पेटी घेऊन मला समोर बसवलं, तेव्हा चार दिवसांत आम्ही दोघांनी हात टेकले होते.

पोपटाचं ऐकून बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते हसले. हसता हसता खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाणार कोण?"

त्या वेळी मला त्या खोकल्याचं काही वाटलं नाही. माझं डोकं 'ळ'मध्ये अडकलं होतं. परदेशी तक्त्यात 'ळ'चं तोंडच नव्हतं, आणि आमच्या पाच पदांत कमळ होतं, निळा होता, वेळ होती, गळा होता. एका रविवारी सकाळी मी बाबांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि समोर कागद घेऊन बसले. बाबांना मजा वाटली. "अगं, 'ळ' बाहेर दिसतच नाही. तो आत होतो. जीभ मागे वळते. पण बघ, हनुवटी जराशी पुढे येते." ते 'गळा' म्हणायचे, तिथेच थांबायचे आणि मी काढायचे. असं आठ-दहा वेळा झालं. मग एकदा त्यांनी तोंड उघडलं, जीभ वळली, हनुवटी पुढे आली, सगळं बरोबर झालं आणि आवाज आला नाही. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा म्हणाले, तेव्हा आला, पण चिरका.

आई आतून म्हणाली, "दोन महिने झाले या घशाला. काढे पिऊन भागणारे का ते? दाखवा आता कुणाला तरी."

दाखवलं. मग दुसरीकडे दाखवलं. तपासणीसाठी तुकडा काढला. स्वरयंत्रावर गाठ होती आणि ती वाईट होती. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे होते. स्वरयंत्र काढावं लागेल, गळ्याला पुढून एक भोक ठेवावं लागेल, श्वास तिथूनच चालेल, माणूस जगेल. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "खर्ज तरी राहील का?" डॉक्टरांना खर्ज म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी सांगितलं, खालचा आवाज. डॉक्टरांनी मान हलवली. काहीच राहणार नव्हतं.

ऑपरेशनची तारीख महिन्याभरानंतरची मिळाली. रिक्षातून घरी येताना मला पहिल्यांदा नीट समजलं, की बाबांचा आवाज आता महिनाभर आहे आणि तो जगात कुठेही साठवलेला नाही. मी आवाजाच्या धंद्यातली मुलगी होते. ससे, उंदीर, बोलणाऱ्या किटल्या, सगळ्यांचे आवाज माझ्या कपाटात होते.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं, की माझे बाबा या नाटकात राजा होते, राजाचं पद त्यांच्याकडून गाऊन घेऊ. आजाराचं बोलले नाही. मालक खूश झाले. "घरचाच राजा! ओरिजिनल माल! घेऊन ये." डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गाऊ द्या. आता जपून काय करणार?"

गाळ्याच्या मागच्या बाजूला भिंतींना गाद्या ठोकून आम्ही रेकॉर्डिंगची खोली केली होती. शेजारची कढई दुपारच्या जेवणापुरती बंद असायची, तेवढाच वेळ मिळायचा. रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ कानपूरकडचे होते, चाळिशीचे, अतिशय नीटनेटके. सगळ्या बायकांना मॅडम म्हणायचे. बाबा इस्त्रीचा झब्बा घालून आले होते. काचेपलीकडे तबलेवाले, ऑर्गनवाले आणि मध्ये बाबा. अलीकडे मशीनजवळ आम्ही दोघं. माझ्या हातात स्टॉपवॉच होतं, कारण पद दीड मिनिटाच्या वर जाऊन चालणार नव्हतं.

पहिल्यांदा बाबा जपून गायले. आवाज खरखरीत होता, पण सुराला घट्ट होता. पद संपता संपता शेजारी कढईत काहीतरी पडलं आणि चर्रर्र आवाज झाला. कानपूरवाल्यांनी कपाळाला हात लावला, आतल्या स्पीकरचं बटण दाबलं आणि नम्रपणे म्हणाले, "दादाजी, वन मोअर."

बाबा एकदम ताठ झाले. त्यांनी काचेकडे तोंड करून दोन्ही हात जोडले आणि मान लववली.

"ये हाथ काहे जोड़ रहे हैं?" कानपूरवाल्यांनी मला विचारलं.

मला कळलं होतं. संगीत नाटकात पद रंगलं की लोक 'वन्समोअर' म्हणून ओरडतात आणि नटाला तेच पद पुन्हा म्हणावं लागतं. तेच, पण तसंच नाही. दुसऱ्यांदा तो जास्तीचं काहीतरी देतो. बाबांना तेच ऐकू आलं होतं. बदली राजाला वन्समोअर क्वचितच मिळायचा, लोक तिकीट काढून आलेले असायचे ते दुसऱ्यासाठी. "ऐसे ही," मी म्हटलं. हा 'वन मोअर' कढईमुळे होता हे बाबांना सांगावं असं मला एकदाही वाटलं नाही.

बाबा पुन्हा गायले. मधे एके ठिकाणी त्यांनी तान घेतली. तबलेवाल्यांचा चेहरा मला दिसत होता; ते हसत होते आणि मान हलवत होते. ऑर्गनवाल्यांनी हात उचलून ठेवले होते. कानपूरवाले, ज्यांना नाटक माहीत नव्हतं आणि भाषाही अर्धीच कळत होती, ते "वाह" म्हणाले. आणि मी? मी स्टॉपवॉचकडे बघत होते. दीड मिनिट कधीच उलटून गेलं होतं आणि तान चालूच होती. एका सेकंदाला इतकी चित्रं, म्हणजे ही जास्तीची किती, ती कोण काढणार, मालक काय म्हणतील. एक मिनिट बावन्न सेकंद. खरं सांगायचं तर ती तान मी ऐकली नाही. मोजली.

मालकांनी वीस-बावीस सेकंदांसाठी कुरकुर केली, पण ठेवली. मी शीट भरायला घेतली. त्या कामात स्पूल, म्हणजे टेपचं रीळ, हातानं मागेपुढे फिरवून एकेक आवाज शोधायचा असतो. हळू फिरवलं की माणूस कण्हतोय असं वाटतं. तानेत तोंड 'आ'चंच असतं असं मी धरून चालले होते, पण तसं नव्हतं. प्रत्येक सुराला जबडा केसभर हलतो, श्वास घ्यायच्या आधी ओठ किंचित आवळले जातात. ते मला टेपवरून कळत नव्हतं, म्हणून मी संध्याकाळी घरी येऊन बाबांना विचारायचे आणि ते आवाज न काढता, घसा राखत, नुसतं तोंड हलवून दाखवायचे. तीन आठवड्यांत राजाची सगळी तोंडं झाली. रंगाच्या टेबलावर नेरूळजवळच्या सारसोळे गावची एक बाई होती, माझ्याच वयाची. राजाच्या ओठांत ती लाल रंग भरायची. ती म्हणाली, "तुज्या बाबांचं गानं मी भितीपलीकडून आयकलंय. त्यात जीव हाय गो." मी थँक्यू म्हटलं आणि पुढची शीट तिच्या टेबलावर ठेवली.

ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात मालकांनी बोलावलं. कॅसेट विकणाऱ्यांना त्यांनी नमुना ऐकवला होता.

"आवाज फाटका वाटतो गं. मुलं घाबरतील म्हणतात. एक नवीन पोरगा आहे, एकदम गोड गळा. त्याच्याकडून घेऊ. वाईट वाटून घेऊ नको."

"मग तोंडं सगळी परत काढावी लागतील."

"वेळ कुठाय? पद तेच, लय तीच. तान आहे तिथे बासरी टाकू. मुलं काय राजाच्या तोंडाकडे बघतात? पोपट उडतोय ना तिकडे!"

मला तेव्हा आजाराचं सांगता आलं असतं. सांगितलं नाही. सांगून दया आली असती आणि निर्णय तोच राहिला असता. बाबांनाही कळू दिलं नाही. ऑपरेशनच्या तोंडावर कोण सांगेल? मी मनाशी म्हटलं, कॅसेटमध्ये नसला तर नसला, स्पूलवर तर आहे ना. कानपूरवाल्यांना मी घरच्या कॅसेटवर कॉपी करून द्यायला सांगितलं होतं. मशीनचा एक भाग दुरुस्तीला गेला होता. "कल कर देंगे, मॅडम," असं दोनतीनदा झालं. मीही म्हटलं, घाई नाही, दवाखान्यातून परत आले की करू.

सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी मला मात्र धास्ती वाटली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात जुने स्पूल असायचे, पुसून पुन्हा वापरायचे. बाबांचा स्पूल त्यांच्याच शेजारी होता. तो मी उचलून खालच्या कप्प्यात, जुन्या कागदांच्या मागे नीट ठेवला. मग वाटलं, कानपूरवाले वर शोधतील, मिळाला नाही तर घाबरतील. म्हणून कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिलं आणि वरच्या कप्प्याला चिकटवलं: 'बाबांचा स्पूल खाली.'

ऑपरेशन नीट झालं. पुढचे दिवस मी लिहीत नाही. गळ्याच्या भोकातून बाबांचा श्वास यायचा-जायचा, त्याला एक ओला आवाज होता आणि तेवढाच आता त्यांचा आवाज होता. आईनं त्यांना पाटी आणून दिली. माझ्याशी त्यांना पाटी लागत नव्हती. ते ओठ हलवायचे आणि मी सांगायचे: पाणी हवंय, उशी वर घ्या, घरी कधी? दवाखान्यातल्या नर्स कौतुक करायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी ओठांनी विचारलं, "टेप?" मी म्हटलं, "आहे. जपून ठेवलीय."

दहाव्या दिवशी मी कामावर गेले, तर कानपूरवाले हसत पुढे आले. "पिताजी ठीक हैं? बहुत अच्छा. और मॅडम, आपकी चिट्ठी ने बचा लिया. नए सिंगर की रेकॉर्डिंग थी, एक भी ढंग का स्पूल नहीं था."

"कौन सी चिट्ठी?"

त्यांनी ती जपून ठेवली होती. माझंच अक्षर. 'बाबांचा स्पूल खाली.' मी मराठीत लिहिलं होतं, खाली म्हणजे खालच्या कप्प्यात. त्यांनी हिंदीत वाचलं होतं, खाली म्हणजे रिकामा. अक्षरं तीच, लिपी तीच, काना-मात्रेचाही फरक नाही. त्यांना वाटलं, मॅडमनी दुसरीकडून कॉपी करून घेतली आणि भल्या मनानं स्पूल मोकळा करून दिला. डबा वर दिसेना, म्हणून बिचाऱ्यांनी सगळं कपाट शोधून तो कागदांच्या मागून बाहेर काढला.

"पूरा?" मी विचारलं.

"पहले पूरा साफ़ किया, फिर रेकॉर्ड किया," ते अभिमानानं म्हणाले आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना समजलं. ते स्टुलावर बसले. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडणार काय? दोन वर्षं मी त्या माणसाशी हिंदीत बोलत होते. एक चिठ्ठी लिहायची वेळ आली तेव्हा हात मराठीत चालला. मी हेडफोन लावून तो स्पूल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. गोड गळ्याचा मुलगा तीनदा गायला होता. त्यानंतर नुसती टेपची सरसर होती. मी ती संपेपर्यंत ऐकत राहिले.

घरी मी सांगितलं नाही. महिना गेला, दोन गेले. बाबा अधूनमधून विचारायचे, "टेप?" आणि मी म्हणायचे, "स्टुडिओत आहे, कॉपी व्हायचीय." खोटं बोलायला मला काही जड गेलं नाही, याची मला आजही लाज वाटते. बाबांना अजून वाटत होतं की कार्टूनमधला राजा त्यांच्याच आवाजात गाणार आहे. आईनं सोसायटीत तिन्ही मजल्यांवर सांगून ठेवलं होतं. बाबा पाटीवर लिहून लोकांना दाखवायचे: 'दिवाळीला ऐका.'

कॅसेट दिवाळीच्या आधी निघाली. मला मिळालेली मी स्टुडिओतच ठेवली. पण आईनं बाजारात ती दुकानात लटकलेली पाहिली आणि घेऊन आली. शनिवारी दुपारी मी घरी पोचले, तेव्हा सोसायटीतली सात-आठ मुलं आमच्या हॉलमध्ये मांडी घालून बसली होती. बाबा टीव्हीच्या सगळ्यांत जवळच्या खुर्चीत होते, गळ्याला पांढरा रुमाल बांधून. मला चप्पल काढायलाही सुचलं नाही. राजाचं पद सुरू होत होतं.

गोड आवाज लागला. तरुण, गुळगुळीत. आई कौतुकानं बघत होती, मग जरा गोंधळली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "कार्टूनमध्ये आवाज बारीक करतात का गं? यांचा ओळखूच येत नाही." बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना पहिल्या ओळीतच कळलं होतं. ते रागानं बघत नव्हते, पण त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो आणि मला तो आठवायला नको असतो.

मग तानेची जागा आली. मुलगा थांबला, बासरी सुरू झाली, पोपट उडाला. आणि राजाचं तोंड चालूच राहिलं. उघडत होतं, केसभर हलत होतं, पुन्हा उघडत होतं. बाबांची अख्खी तान त्या तोंडातून चालली होती आणि आवाज बासरीचा होता. मुलं पोपटाकडे बघतील असं मालक म्हणाले होते. मुलं बरोबर राजाच्या तोंडाकडे बघत होती. एक मुलगी ओरडली, "अय्या, राजा पान खातोय!" सगळी लोळून लोळून हसली.

बाबा हसले नाहीत. ते पुढे वाकले होते. त्यांचं बोट खुर्चीच्या हातावर ताल धरत होतं आणि राजाचे ओठ मिटले त्याच क्षणी ते बोट थांबलं.

सिनेमा संपला, आईनं मुलांच्या हातावर चकल्या ठेवल्या आणि मुलं गेली. आई भांडी घासायला आत गेली. मी बाबांच्या समोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. मालकांचं, स्पूलचं, चिठ्ठीचं. 'खाली'चे दोन अर्थ समजावताना मला स्वतःचाच संताप आला. "मी पुसली, बाबा. माझ्या हातानं," मी म्हटलं. गळ्याच्या रुमालाखाली त्यांचा श्वास जोरात होऊ लागला. त्यांनी पाटी घेतली नाही. ओठ हलवले. मला वाटलं, आता बोलतील, बोलू देत.

ते म्हणाले, "म्हणून दाखव."

मला आधी कळलं नाही. त्यांनी पुन्हा ओठ हलवले, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसे. "तान. म्हणून दाखव. एकदा."

त्या तानेचा एकूण एक आकार मी काढला होता. कुठे जबडा उतरतो, कुठे ओठ आवळतात, श्वास कुठे, सगळं मला पाठ होतं. मी तोंड उघडलं. तोंड बरोबर उघडलं असणार. पण आत सूर एकही नव्हता. मी तिला तीन आठवडे तुकड्यांत ऐकलं होतं, उलटं, सुलटं, कण्हतं. अखंड एकदाही नाही, ज्या दिवशी ती माझ्यासमोर गायली गेली त्या दिवशीही नाही.

"मला येत नाही, बाबा," मी म्हटलं आणि रडायला लागले.

मग बाबा उठले, कॅसेट मागे नेली, राजाच्या पदाशी आणून थांबवली आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला. चित्र सुरू केलं. खुर्चीत ताठ बसले. राजानं तोंड उघडलं तसं त्यांनीही उघडलं. दोघांचे ओठ एकत्र हलत होते, एकत्र मिटत होते, श्वास एकाच जागी होता. तानेत बाबांचे डोळे मिटले, तरी कुठे एका चित्राचासुद्धा फरक पडला नाही. मी दोन हातांच्या अंतरावर होते आणि मला काहीही ऐकू येत नव्हतं.

आईनं आतून विचारलं, "टीव्ही बंद केलात का?"

"नाही," मी म्हटलं. "चालू आहे."